इयत्ता चौथी, पातळी पहिली

चौथीच्या वर्गात बसलेली सगळी मुले चौथीत असतात काय? हजेरीपटाच्या दृष्टीने असतात. पण ज्याने जुलै महिन्यात अशा वर्गातल्या एकेका मुलाला जवळ बोलावून दुसरीच्या पुस्तकातली चार वाक्ये वाचायला दिली आहेत, त्याला खरे उत्तर ठाऊक आहे. कोणी सरसर वाचून पुस्तक मिटते. कोणी बोट ठेवून शब्दाशब्दाला थांबते. कोणी ‘क’, ‘म’, ‘ल’ ही अक्षरे सुटी ओळखते, पण ‘कमल’ म्हणत नाही. आणि एखादे मूल पुस्तकाकडे न पाहताच, शेजारच्याने मघाशी वाचलेले वाक्य पाठ म्हणून दाखवते. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुरुकुंज मोझरी ओलांडली की तिवसा लागते. या तालुक्यातल्या ज्या शाळांशी आमचा संबंध येतो, तेथे हे चित्र नेहमीचे आहे. वाचकांपैकी कोणाच्या शाळेत ते नसेल असे आम्हाला वाटत नाही.

अशा वर्गासाठी अलीकडे जे उपाय सुचवले जातात त्यांची नावे शिक्षकांच्या तोंडी बसली आहेत : निदानात्मक चाचणी, स्तरनिहाय गट, उपचारात्मक अध्यापन, तीन पातळ्यांची मदत. कोणी म्हणते ही परदेशी टूम आहे; कोणी म्हणते हे तर आपण पूर्वीपासून करतच होतो. या दोन्ही म्हणण्यांत थोडे थोडे तथ्य आहे. ते कितपत, हे पाहायचे तर आधी ‘इयत्ता’ ही वस्तू कोठून आली ते पाहावे लागते. कारण मागे पडलेले मूल दिसण्यासाठी आधी एक रांग आखलेली असावी लागते.

पंतोजीची शाळा आणि मद्रासचा पाद्री

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी मुलखातल्या गावठी शाळा कोणाच्या ओसरीवर, देवळात किंवा वाड्याच्या पडवीत भरत. पंतोजी एकच. वर्ष सुरू होण्याचा ठरावीक दिवस नसे. मूल केव्हाही येई आणि घरी काम निघाले की केव्हाही जाई. धूळपाटीवर ओनामा गिरवणारे, उजळणी म्हणणारे, पावकी-निमकी-दिडकीपर्यंत पोहोचलेले आणि मोडीचा कित्ता वळवणारे, अशी सगळी मुले एकाच छपराखाली बसत. ज्याला जेवढे येई त्याच्या पुढचे त्याला मिळे, आणि पुढे गेलेला मुलगा मागच्याला घोकून घेई. या शाळेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तीत मुली जवळजवळ नव्हत्या, अस्पृश्य ठरवलेल्या जातींना दार बंद होते, छडी आणि पाठांतर हीच मुख्य साधने होती. पण ‘तू तिसरीचा असून तुला हे येत नाही?’ हा प्रश्न त्या शाळेत कोणी विचारू शकत नव्हते, कारण तिसरी नव्हतीच.

हीच पद्धत दक्षिणेत एका स्कॉटिश पाद्र्याच्या नजरेस पडली. अँड्र्यू बेल हा १७८९ पासून मद्रासमधल्या अनाथ मुलांच्या एका शाळेचा प्रमुख होता. गावातल्या शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि आपल्या शाळेत तसे करून पाहा असे शिक्षकांना सांगितले. शिक्षकांनी ते मनावर घेतले नाही. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला खालच्या वर्गाला शिकवायला बसवले, आणि ते काम त्याने उत्तम केले. १७९७ मध्ये बेलने या प्रयोगावर पुस्तिका छापली. पुढे इंग्लंडात गरिबांच्या हजारो मुलांना थोड्या खर्चात शिकवण्यासाठी ही ‘मद्रास पद्धत’ वापरली गेली. आपल्या ओसरीवरची युक्ती विलायतेला गेली ती अशी.

परत आले ते मात्र वेगळेच. १८६२ मध्ये इंग्लंडात शाळांच्या अनुदानाचे नवे नियम झाले. मुलांच्या सहा इयत्ता ठरल्या, प्रत्येक इयत्तेला वाचन, लेखन आणि अंकगणित किती यायला हवे हे छापले गेले, आणि तपासनीस वर्षातून एकदा येऊन एकेका मुलाची परीक्षा घेऊ लागला. मूल एका विषयात नापास झाले की शाळेचे तेवढे अनुदान कापले जाई. निकालावर पैसे देण्याची ही रीत हिंदुस्थानातही आली. इंग्लंडने ती एकोणिसावे शतक संपता संपता सोडून दिली. आपल्याकडे पैशांचा भाग पुढे गेला, पण तिने घडवलेला साचा राहिला : एका वयाची मुले, एक पुस्तक, एक वर्ष, एक परीक्षा.

मराठीत या साच्याला सुरुवातीला नाव होते ‘बुक’. ‘तो तिसऱ्या बुकात आहे’ असे जुनी माणसे म्हणत. नाव मोठे अचूक होते. इयत्ता म्हणजे मुलाला काय येते ते नव्हे, त्याच्या हातात कोणते पुस्तक आहे ते. त्याच्याही खाली ‘बिगरी’ असे. बिगरीत मूल किती काळ राहील याला धरबंध नव्हता. दिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार असले की न येणाऱ्यांना बिगरीतच बसवून ठेवण्याकडे मास्तरांचा कल असणे साहजिक होते.

शंभरातले अठरा

या साच्यातून किती मुले पार पडत होती? सायमन कमिशनला जोडून नेमलेल्या हार्टोग समितीने १९२९ साली त्याचा हिशेब मांडला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे तीन वर्षांनी, म्हणजे १९२५-२६ साली, चौथीत सापडली ती फक्त १८. उरलेली ८२ कुठे गेली? काही शाळा सोडून गेली आणि काही त्याच त्या वर्गात बसून राहिली. समितीने पहिल्या प्रकाराला गळती किंवा अपव्यय आणि दुसऱ्याला स्थगिती म्हटले. शिक्षणशास्त्राच्या पदविकेला हे दोन शब्द पाठ केले नाहीत असा शिक्षक विरळा.

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे अर्थशास्त्रज्ञांनीही लक्ष दिले. पुण्याच्या गोखले संस्थेतून धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाची पाहणी केली आणि १९५५ साली ती प्रसिद्ध झाली. शाळेत घातलेला पैसा आणि श्रम यातून टिकाऊ साक्षरता किती निघते, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. मग १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोग बसला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, गारगोटीच्या ग्रामीण कामातून आलेले. आयोगाने एक शिफारस केली ती आज वाचली तरी ताजी वाटते : पहिली-दुसरी, आणि जमल्यास पहिली ते चौथी, हा एकच इयत्ताविरहित गट मानावा आणि मुलाने त्यात आपल्या गतीने पुढे जावे. म्हणजे पंतोजीच्या शाळेतला जो एक चांगला भाग होता तो, बाकीचे दोष टाकून, परत आणावा.

शिफारशीचा सोपा अर्धा भाग आपण घेतला : नापास करणे थांबवले. अवघड अर्धा भाग, म्हणजे प्रत्येकाला त्याच्या जागेपासून शिकवणे, कागदावर राहिला. १९८६ च्या धोरणानंतर खडू-फळा मोहिमेने एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक देऊ केला, ही फार मोठी गोष्ट झाली. १९९० नंतर ‘किमान अध्ययन क्षमता’ आल्या आणि त्यांच्यासोबत क्रमांक घातलेल्या क्षमतांचे तक्ते. त्या काळात नोकरीला लागलेल्यांना ते तक्ते भरताना गेलेल्या संध्याकाळी आठवत असतील. कल्पना वाईट नव्हती. पण कोणत्या मुलाला कोणती क्षमता आली नाही हे लिहून झाले, तरी दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाठ पुढचाच असे.

नापास होणारी स्थगिती अशी पास होणारी स्थगिती झाली. मूल दरवर्षी वर चढते आणि वाचन जिथल्या तिथे राहते.

मोठ्या गावांतल्या शाळांनी याच काळात आपला एक उपाय चालवला होता, तो म्हणजे तुकड्या. गुणांप्रमाणे ‘अ’ तुकडी हुशारांची आणि ‘ड’ तुकडी उरलेल्यांची. एकदा ‘ड’ मध्ये गेलेले मूल दहावीपर्यंत ‘ड’ मध्ये. मराठीत अशा मुलाला ‘ढ’ म्हणतात आणि त्याची एक व्युत्पत्ती सांगतात : ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत सगळी अक्षरे बदलली, ‘ढ’ मात्र दोन हजार वर्षे जवळजवळ तसाच राहिला, म्हणून न बदलणारा तो ‘ढ’. व्युत्पत्ती खरी असो नसो, अशोकाच्या लेखातला ‘ढ’ आजही ओळखू येतो हे खरे आहे. पण या शब्दात एक सिद्धांत लपलेला आहे, की हे मूल बदलणार नाही. तो सिद्धांत तपासण्याचे काम पुढे मुंबईत झाले.

न येणे म्हणजे नक्की काय?

मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्याचे सुरुवातीचे एक काम वऱ्हाडाला पश्चिमेकडून भिडलेल्या जळगाव जिल्ह्यात, खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत झाले. त्यानंतर १९८० च्या सुमारास वि. गो. कुलकर्णी, सुधाकर आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या महापालिका शाळांतली अनुसूचित जातींची मुले निवडली आणि आठवी ते दहावी ही तीन वर्षे त्यांना शाळेव्यतिरिक्त शिकवले. ही शिकवणी प्रश्नोत्तरांची पाठ करवणी नव्हती. मुलाचे चुकलेले उत्तर घ्यायचे आणि ते तसे का आले ते शोधायचे, अशी तिची रीत होती. शालान्त परीक्षेत या मुलांनी अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगली कामगिरी केली. त्याच केंद्रात कुलकर्णी आणि गंभीर यांनी पाठ्यपुस्तकातला आशय तोच ठेवून भाषा सोपी केली, तर विज्ञान समजण्यात किती फरक पडतो तेही तपासले. फरक पडतो असे दिसले. पुष्कळ मुले विज्ञानात अडत नव्हती, विज्ञानाच्या मराठीत अडत होती.

हे वाचताना आम्हा वऱ्हाडातल्या शिक्षकांना आपली गोष्ट आठवते. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’ चा ‘य’ होतो. डोळ्याला ‘डोया’, काळ्याला ‘काया’ आणि शाळेला ‘शाया’. वाचनचाचणीत ‘फळ’ हा शब्द आला आणि मुलाने ‘फय’ वाचले, तर परका तपासनीस चूक धरील. वास्तविक या मुलाने अक्षर ओळखले आहे, शब्द ओळखला आहे, अर्थही लावला आहे आणि तो आपल्या बोलीत उच्चारला आहे. वाचनाची याहून भक्कम खूण कोणती? उलट ‘फळ’ असे स्वच्छ उच्चारून त्याचा अर्थ न सांगणारे मूल खरे मदतीचे आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला, धारणी-चिखलदऱ्यात, प्रश्न याच्याही पुढचा आहे. तेथल्या कोरकू मुलांची भाषा मुंडा कुळातली. मराठीशी तिचे नातेच नाही. त्या मुलाला पहिलीत ‘अप्रगत’ लिहिणे म्हणजे आपल्याला पहिल्या दिवशी तमीळमध्ये नापास करण्यासारखे आहे.

गणितात पाहा. ५२ वजा १७ हे उदाहरण तीन मुलांना घातले आणि तिघांचे चुकले. पहिल्याने उत्तर लिहिले ४५. त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केले : ५ मधून १ गेला, ७ मधून २ गेले. दुसऱ्याने लिहिले ६९. त्याला वजाबाकीची खूण कळली नाही, बेरीज मात्र बरोबर आहे. तिसऱ्याने ‘बावन्न’ ऐकून २५ लिहिले, तेव्हा पुढचे सगळे फिसकटले. तिघांनाही शून्य गुण. पण पहिल्याला दशक मोडणे दाखवायला हवे, दुसऱ्याला खुणेचा अर्थ, आणि तिसऱ्याला संख्यावाचनापर्यंत मागे न्यायला हवे. ‘गणितात कच्चा’ हा शेरा तिघांनाही सारखाच लागतो आणि तिघांपैकी एकालाही उपयोगी पडत नाही. आम्ही येथे तुराटीच्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे वापरतो. पाच जुडगे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून सतरा काड्या मागितल्या, की पहिले मूल स्वतःच एक जुडगा सोडायला घेते. तिसऱ्याला मात्र आधी बावन्न काड्या मोजून द्याव्या लागतात.

तीन पातळ्या

आता विलायतेतून आलेल्या कल्पनेकडे वळू. तीन पातळ्यांची मदत ही मुळात शिक्षणातली कल्पना नाही, ती सार्वजनिक आरोग्यातून आली. साथ येऊ नये म्हणून सगळ्या गावाला स्वच्छ पाणी आणि लस, ज्यांना धोका अधिक त्यांच्यावर वेगळी नजर, आणि जे आजारी पडले त्यांना दवाखाना. शाळेत त्याचे रूपांतर असे झाले : पहिली पातळी म्हणजे सर्वांसाठी चांगले वर्गाध्यापन, दुसरी म्हणजे मागे राहणाऱ्यांच्या लहान गटाला जादा मदत, तिसरी म्हणजे तरीही अडलेल्या एकेका मुलाकडे स्वतंत्र लक्ष. अमेरिकेत २००४ च्या कायद्यानंतर याला जोर आला. त्याआधी तेथे मुलाची बुद्धी आणि यश यांत पुरेशी मोठी तफावत दिसेपर्यंत अध्ययन अक्षमतेखालची मदत मिळत नसे. म्हणजे मदत मिळण्यासाठी आधी नीट नापास व्हावे लागे.

हे चित्र तेथे पिरॅमिडसारखे काढतात. ढोबळमानाने ८० टक्के मुले पहिल्या पातळीवरच भागतात, १५ टक्क्यांना दुसरी लागते, ५ टक्क्यांना तिसरी. आपल्याकडे ही आकृती उचलून भिंतीवर लावण्यात एक अडचण आहे. ‘असर’ ही ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी २००५ पासून होत आली आहे. २०१८ मध्ये देशभरातल्या ग्रामीण पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी होती ५०.५ टक्के. करोनाकाळानंतर, २०२२ मध्ये, हा आकडा ४२.८ टक्क्यांवर आला आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरला. म्हणजे दुसऱ्या पातळीवर १५ नव्हे, ५० टक्के! ज्या वर्गातली निम्मी मुले ‘मागे’ आहेत, तेथे मागे मुले आहेत की पुस्तक पुढे आहे, हा प्रश्न विचारणे भाग आहे. आमच्या मते तो विचारल्याशिवाय तीन पातळ्यांचा आराखडा आपल्या शाळेला लागू पडत नाही. चार-दोन मुलांना बाजूला काढून येथे भागणार नाही. दिवसातला काही वेळ तरी सगळ्या वर्गाचीच मांडणी बदलावी लागते.

मुंबईतली बालसखी

हे करून पाहण्याचा आपल्याकडचा सर्वांत नीट तपासलेला प्रयत्न पुन्हा मुंबईचाच. महापालिका शाळांत काम करण्यासाठी १९९४ साली ‘प्रथम’ ही संस्था निघाली. १९९८ मध्ये तिने ‘बालसखी’ सुरू केली. वस्तीतलीच, दहावी-बारावी झालेली एक तरुणी. मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. तिसरी-चौथीतली पंधरा-वीस मागे पडलेली मुले ती रोज दोन तास वर्गाबाहेर, व्हरांड्यात किंवा जिथे जागा मिळेल तिथे घेऊन बसे आणि पहिली-दुसरीचे वाचन-गणित करून घेई.

२००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे अर्थशास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली. औषधाची घेतात तशीच : कोणत्या शाळेत कोणत्या वर्गाला बालसखी मिळेल ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले, म्हणजे दोन्हीकडची मुले मुळात सारखी. दोन वर्षांनी सरासरी वाढ निघाली ०.२८ प्रमाण विचलन. हा आकडा बोलता करायचा तर असे म्हणू : शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मधोमध उभे असलेले मूल अकरा जागा पुढे सरकले. आणखी एक गोष्ट दिसली. जी मुले वर्गातच राहिली त्यांचा वर्ग पंधरा-वीस मुलांनी हलका झाला होता. तरी त्यांच्यात म्हणण्यासारखी वाढ दिसली नाही. फायदा झाला तो बालसखीकडे गेलेल्यांना. नुसती गर्दी कमी केल्याने ते झाले नव्हते. या अभ्यासकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा निवड समितीने या कामाचा मुद्दाम उल्लेख केला.

पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा फारसा सांगितला जात नाही. बालसखी थांबल्यावर एका वर्षाने मोजले, तेव्हा अकरा जागांपैकी चारच शिल्लक होत्या.

बालसखी ही स्वयंसेविका. मग शिक्षक हे करू शकत नाहीत काय? पुढच्या दशकभरात तेही तपासले गेले. बिहारमध्ये शिक्षकांना साहित्य आणि प्रशिक्षण दिले, आणि शाळेच्या दिवसांत जवळजवळ काहीच बदलले नाही. पण त्याच राज्यात २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच महिनाभराची शिबिरे घेतली, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. शिक्षक तेच, प्रशिक्षणही तसेच. फरक एवढा की उन्हाळ्यात ‘अभ्यासक्रम पूर्ण करा’ म्हणणारे कोणी नव्हते. हरयाणात २०१२-१३ मध्ये रोज एक जादा तास ठेवला, तिसरी ते पाचवीची मुले त्या तासाला इयत्ता सोडून पातळीप्रमाणे बसवली, आणि वरिष्ठांनी ‘धडा कितवा चालू आहे’ याऐवजी या तासाची विचारपूस केली. तेव्हा शाळेच्या दिवसांतही भाषेत वाढ दिसली, गणितात मात्र दिसली नाही. शिक्षकाला येत नाही असे नव्हते, त्याला वेळापत्रकात ते करण्याची परवानगी नव्हती. हा निष्कर्ष आपल्या अनुभवाशी किती जुळतो ते वाचकांनीच ठरवावे.

महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाला. त्याआधीच सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जाऊ लागल्या होत्या. वऱ्हाडातूनही गेल्या. शिक्षकांनी शिक्षकांची शाळा पाहायला जावे, हा त्या वर्षांतला सर्वांत चांगला भाग होता असे आम्हाला वाटते. पायाभूत चाचण्यांबद्दल तसे म्हणवत नाही. शाळा ‘प्रगत’ जाहीर करायची घाई झाली, की मुलांच्या पातळ्या कागदावर फार लवकर वाढतात.

आमच्याकडची रीत

खेड्यातल्या द्विशिक्षकी शाळेची एक गंमत आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पाच इयत्ता ही अडचण म्हणून सांगितली जाते, आणि आहेही. पण पातळीप्रमाणे मुले बसवायला ही शाळा शहरातल्या मोठ्या शाळेपेक्षा सोपी पडते, कारण इयत्तेच्या भिंती तेथे आधीच पडलेल्या असतात. परिपाठानंतरचा दीड तास आम्ही तिसरी ते पाचवीची मुले तीन गटांत बसवतो : अक्षरांवरची, शब्दांवरची आणि उताऱ्यापुढची. पहिली-दुसरी त्या वेळात चित्रे, गाणी आणि काड्यांच्या खेळात असते. एका शिक्षकाचा डोळा तिकडे ठेवावाच लागतो.

काही गोष्टी अनुभवाने पक्क्या झाल्या. सर्वांत मागचा गट जुन्या, अनुभवी शिक्षकाने घ्यायचा. सर्रास उलट होते; पुढची मुले गुरुजी घेतात आणि मागची एखाद्या हुशार मुलाकडे सोपवतात. बेलच्या फ्रिस्किनने वाळूत अक्षरे गिरवून घेतली हे खरे, पण ‘कमल’ का जुळत नाही हे आठ वर्षांच्या मुलाला शोधता येत नाही. मराठीत हे शोधणे नाजूक आहे. चौतीस व्यंजनांची बाराखडी म्हणजेच चारशेच्या वर आकृती होतात, जोडाक्षरे वेगळी. एकेक आकृती आठवायला मुलाला इतका वेळ लागतो, की शब्दाच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून निघून जाते. त्याला समज नाही असे नव्हे. धरून ठेवायला जागा पुरत नाही. म्हणून आम्ही सगळी मुळाक्षरे संपण्याची वाट न पाहता पाच-सहा अक्षरे आणि एक-दोन काने-मात्रा आल्या की लगेच शब्द करायला घेतो.

गटांना नावे देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे : मोर, पोपट, चिमणी. दोन दिवसांत मुलांना कोणता पक्षी कशाला आहे ते कळते. ‘सर, आमी ढवाल्या गटात आहो काय?’ हा प्रश्न पक्ष्यांनी टळत नाही. तो टळतो, किंवा निदान बोथट होतो, गट हलते राहिले तर. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मुलाला एकट्याने वाचायला बसवायचे आणि जागा बदलायची. आमच्या वहीत गटाची यादी पेन्सिलीने असते. वाचनात मागे असलेले मूल गणिताच्या गटात पुढे बसले, तर त्याचा फायदा दोन्हीकडे होतो.

दसऱ्यापासून सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. या दिवसांत काही मुले आठवडा-आठवडा दिसत नाहीत आणि परत येतात ती एक गट खाली उतरून. त्यांच्यासाठी वेगळा शेरा लागत नाही, खालच्या गटात जागा लागते. आणि तीन महिने नियमित येऊनही ज्याची जागा हलली नाही अशी एक-दोन मुले प्रत्येक शाळेत राहतात. ती तिसरी पातळी. तेथे आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे. फळा न दिसणारे मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून वर्षानुवर्षे बसून राहते. मग अध्ययन अक्षमतेची शंका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, पण तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे मजुरी बुडवून जायचे, आणि पालक एक खेप करतात, दुसरी करत नाहीत. या जागी आमची वही वर्षानुवर्षे अपुरी आहे.

पहिल्या पातळीची दुरुस्ती कशी असते याचे एक उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावन्न’ सोबत ‘पन्नास दोन’ असे संख्यावाचन आले आणि राज्यभर थट्टा झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्याचे कारण शांतपणे सांगितले होते : मराठीत संख्या लिहिताना दशक आधी येतो आणि बोलताना एकक. बावन्नचे २५ लिहिणारे मूल त्या सांध्यात अडकते. जुने शब्द काढून टाकलेले नव्हते, एक पायरी जोडली होती. अशी पायरी सगळ्या वर्गासाठी असली, की वर्षाच्या शेवटी मागच्या गटात तेवढी मुले कमी उरतात.

आता नवी अडचण दाराशी आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली. नापास झालेल्या मुलाला जादा शिकवायचे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची, अशी तरतूद आहे. हे दोन महिने वऱ्हाडात मे आणि जून. पारा पंचेचाळिसाकडे जातो, शाळा बंद असतात, आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. जादा शिकवणीसाठी मुलाला बोलवायचे कोणत्या दिवशी, हे कागदात लिहिलेले नाही. म्हणून पाचवीतल्या ज्या मुलांचे नाव वहीत अजून अक्षरांच्या किंवा शब्दांच्या गटात आहे, त्यांची शिकवणी आम्ही दिवाळीची सुट्टी संपली की सुरू करतो. कापूस वेचायला गेलेल्यांसाठी संध्याकाळी एक तास मंदिराच्या सभामंडपात दिवा असतो. तेथे येतील तेवढी येतात.